सह्याद्रीचं डोंगरी जंगल: रचना, विविधता आणि आपोआप येणारी नवी पिढी – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उत्तर सह्याद्रीत, म्हणजे साधारण नाशिकपासून सिंधुदुर्ग आणि गोव्याच्या सत्तरीपर्यंत, स्वतःच्या, गावाच्या किंवा देवस्थानाच्या जमिनीवरचं जंगल राखू पाहणाऱ्यांसाठी ही पानं आहेत. बहुतेकांचा पहिला प्रश्न ‘कोणती झाडं लावू?’ असा असतो. आधी विचारायचा प्रश्न वेगळा आहे: इथे जंगल आपणहून येत असेल, तर ते नेमकं कुठे अडकलंय? बी पडत नाही, पडलेलं रुजत नाही, रुजलेलं जगत नाही, की जगलेलं वाढत नाही? प्रत्येकाचा उपाय वेगळा, आणि चारातल्या तिघांना खड्डे खणून काही उपयोग होत नाही.

सह्याद्रीचं जंगल सगळीकडे सारखंच नाही का?

अजिबात नाही. महाबळेश्वरला वर्षाला सरासरी सुमारे ६००० मिलिमीटर पाऊस पडतो. तिथून पूर्वेला तीसेक किलोमीटरवर वाईला त्याचा जेमतेम सातवा-आठवा हिस्सा. त्यामुळे एकाच डोंगररांगेत कोकणउतारावर ऐन, किंजळ, नाणा यांचं पानगळीचं आणि निमसदाहरित जंगल, माथ्यावर जांभूळ-अंजनी-पिसा यांचं सदाहरित, आणि पूर्वेकडे उतरलं की साग-धावड्याचं कोरडं रान, असे तीन वेगळे संसार मिळतात.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. पाऊस भरपूर असला तरी तो चार महिन्यांत पडून संपतो. उत्तर भागात सात-आठ महिने कोरडे जातात. केरळात कोरडा काळ बराच आखूड आहे. उत्तरेकडे येताना सदाहरित झाडांच्या जाती कमी होत जातात, त्यामागे पावसाच्या एकूण आकड्यापेक्षा या कोरड्या महिन्यांची लांबी जास्त कारणीभूत आहे. केरळच्या जंगलाची यादी घेऊन ती साताऱ्यात लावायला निघालेल्यांचं नेमकं इथेच चुकतं.

‘अंजन’ म्हणजे नेमकं कोणतं झाड?

घाटमाथ्यावर अंजन किंवा अंजनी म्हणजे निळ्या-जांभळ्या फुलांचं, गुळगुळीत जाड पानांचं, फार न उंचावणारं सदाहरित झाड. विदर्भ-खानदेशात अंजन म्हणजे आपट्यासारख्या जोडपानाचं, कोरड्या रानातलं उंच झाड. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही. रोपवाटिकेत नुसतं ‘अंजन’ मागितलं तर भलतंच हातात पडू शकतं. पान बघूनच घ्यावं.

जंगलाचे थर कसे ओळखायचे?

कोकणउतारावरच्या जुन्या राईत उभं राहून वर बघितलं तर सहसा चार पातळ्या दिसतात. सर्वांत वर आंबा, बेहडा, नाणा, धूप अशी इतरांच्या वर डोकं काढणारी झाडं. त्याखाली सलग छत: जांभूळ, पारजांभूळ, किंजळ, हिरडा. मग कोकम, सुरंगी, अंजनी यांचा सावली सोसणारा मधला थर. जमिनीलगत दिंडा, कारवी, नेचे आणि वरच्या सगळ्यांची रोपं. या सगळ्यांना आडवं-उभं शिवणारे वेल वेगळे: गारंबी, पळसवेल, उक्षी. मांडीएवढ्या जाडीची गारंबी दिसली तर ती जागा फार वर्षं तुटलेली नाही असं समजायला हरकत नाही. जाड वेल तोड थांबल्याशिवाय तयार होत नाहीत.

माथ्यावर मात्र चित्र बदलतं. वारा, उथळ माती आणि जुनी तोड यांमुळे महाबळेश्वर किंवा भीमाशंकरच्या परिसरात छत बुटकं असतं, खोडं वाकडी, एका बुंध्यातून चार-पाच निघालेली. ‘हे जंगल खुरटलेलं आहे’ असा निष्कर्ष लगेच काढू नये. वाऱ्याच्या कड्यावर ते तेवढंच वाढतं.

माझ्या जंगलाची मोजणी मी स्वतः करू शकतो का? कशी?

करता येते, आणि करावीच. सामान फार लागत नाही: ३० मीटरचा टेप, कापडी (शिंप्याचा) टेप, सुतळी, चार खुंट्या, वही, आणि झाडं ओळखणारा गावातला एखादा म्हातारा माणूस. शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची.

झाडांसाठी १० × १० मीटरचे चौकोन आखा. झुडपं आणि वाढत्या पोरझाडांसाठी त्याच चौकोनाच्या एका कोपऱ्यात ५ × ५ मीटर, आणि रोपांसाठी चारही कोपऱ्यांत १ × १ मीटर. चौकोन मनाला आवडेल तिथे टाकू नका. दर ५० किंवा १०० पावलांवर येईल तिथे टाका. नाहीतर नकळत सगळे चौकोन छान राईत पडतात आणि आकडे खोटं बोलतात.

उतारावर इथे हमखास चूक होते. क्षेत्रफळ नकाशावरचं, म्हणजे आडवं धरायचं असतं. ३० अंशांच्या उतारावर जमिनीलगत १० मीटर मोजले तर आडवं अंतर ८.६६ मीटरच भरतं. म्हणून उताराच्या दिशेने २० अंशांना सुमारे १०.६, ३० अंशांना ११.५ आणि ४० अंशांना १३ मीटर टेप सोडा. आडव्या बाजूला १० मीटरच.

खोडाचा घेर जमिनीपासून १.३७ मीटरवर, झाडाच्या चढाकडच्या बाजूला उभं राहून घ्यायचा. ३० सेंटिमीटर किंवा जास्त घेर असेल तर झाड. त्याहून कमी घेर पण उंची १ मीटरच्या वर असेल तर पोरझाड. १ मीटरच्या खाली रोप. वेगवेगळ्या अभ्यासांत या सीमा थोड्या वेगळ्या असतात. कोणतीही घ्या, पण दरवर्षी तीच ठेवा.

एका बुंध्यातून दोन खोडं असतील तर घेरांची सरळ बेरीज करू नका. दोन्हींचे वर्ग करून बेरजेचं वर्गमूळ काढा: ४० आणि ३० सेंटिमीटरची दोन खोडं मिळून ५० सेंटिमीटरच्या एका खोडाएवढी भरतात, ७० च्या नाही.

किती चौकोन पुरेत?

प्रत्येक नव्या चौकोनात किती नव्या जाती मिळाल्या ते लिहीत जा. सलग तीन-चार चौकोनांत नवं काही मिळेनासं झालं की तो प्रकार बऱ्यापैकी पकडला गेला. दहा चौकोन म्हणजे १००० चौरस मीटर, एक हेक्टरचा दहावा भाग; त्यात ६२ झाडं भरली तर हेक्टरी ६२०. मात्र ओढ्याकाठची घळ, माथा आणि सडा (जांभ्या दगडाचं उघडं पठार) यांचे आकडे एकत्र मिसळू नका. ती तीन वेगळी जंगलं आहेत.

या आकड्यांवरून नवी पिढी येतेय की नाही, हे कसं कळतं?

जातीनिहाय बघावं लागतं. प्रत्येक जातीची रोपं, पोरझाडं आणि मोठी झाडं शेजारी-शेजारी मांडा. रोपं सर्वांत जास्त, पोरझाडं त्याहून कमी, मोठी झाडं सर्वांत कमी, अशी उतरती पायरी असेल तर ती जात ठीक आहे. पायरी कुठे तुटलीय त्यावरून दुखणं कळतं.

मोठी झाडं आहेत पण खाली एकही रोप नाही: बी येत नाही, किंवा येतं आणि कुणीतरी नेतं, खातं. भीमाशंकर-जुन्नर पट्ट्यातला हिरडा बघावा. बाळहिरडा म्हणजे कोवळं, बी पूर्ण न भरलेलं फळ, आणि बाजारात मागणी त्यालाच. एखाद्या झाडाचा सगळा बहर बाळहिरड्यातच गेला तर त्या वर्षी तिथे बी पडतच नाही. प्रत्येक राईत काही झाडांची फळं न तोडता पिकू देणं एवढाच त्यावर उपाय.

रोपं गालिच्यासारखी, पोरझाडं शून्य: हे सर्वांत जास्त दिसतं. जांभळाखाली जुलैत पाऊल ठेवायला जागा नसते, मार्चपर्यंत बहुतेक गायब. यातलं बरंचसं स्वाभाविक आहे. आईच्या अगदी खाली बुरशी, किडे आणि मुळांची ओढाताण असते. जगणारी रोपं बहुधा लांब पडलेल्या बियांची. पण लांबची रोपंही दिसत नसतील तर चराई किंवा वणवा यांच्याकडे बोट जातं.

पोरझाडं आणि रोपं आहेत पण मोठं झाड नाही: ही जात नव्याने येतेय. चांदाडा किंवा भोमा असेल तर तोड झालेली जागा सावरायला लागल्याची ती खूण. ऑस्ट्रेलियन बाभूळ असेल तर मात्र आनंद मानू नका.

बी कोण आणतं?

ऐन, किंजळ, उक्षी, सावर यांचं बी वाऱ्यावर जातं. त्यांना फार कुणाची मदत लागत नाही. जांभूळ, पिसा, पारजांभूळ, उंबर-वडाची जात यांचं काम पक्षी, वाघळं आणि कांडेचोर करतात. मोठ्या बियांच्या झाडांचं गणित नाजूक आहे. धूप किंवा रानजायफळाचं मोठं फळ गिळून लांब नेऊ शकणारे पक्षी मोजकेच, त्यांत धनेश पहिला. कोकणात ककणेर किंवा गरुड म्हणतात तो. त्याला घरट्यासाठी जुन्या, पोकळ, जाड बुंध्याची झाडं लागतात. म्हणजे पोकळ झाड ‘वाळलंय, काढून टाकू’ म्हणून तोडलं की एकाच घावात घरटंही जातं आणि पुढच्या पिढीच्या धुपाची वाहतूकही. शेकरू फळं खातो, पण बराच वेळ बी फोडूनच खातो. त्याला पेरणारा म्हणण्यापेक्षा गिऱ्हाईक म्हणणं बरोबर.

उजाड माळावर पक्षी थांबत नाहीत, म्हणून तिथे बीही पडत नाही. माळावर एखादं उंबर, नांदुरकी किंवा करवंदाची जाळी असेल तर ती राखा. पक्षी त्यावर बसतात, खाली विष्ठेतून बी पडतं, जाळीचे काटे गुरांना अडवतात. करवंद, तोरण, गेळा यांच्या काट्यांतूनच वर आलेलं जांभूळ किंवा हिरडा सह्याद्रीत ठिकठिकाणी दिसेल. ही जाळी ‘साफसफाई’ करून टाकणं म्हणजे फुकटचं कुंपण मोडणं.

बी गोळा करून टाकलं तर? बीजगोळे चालतात का?

बियांच्या दोन जाती समजून घ्या. जांभूळ, आंबा, फणस, कोकम, सुरंगी यांचं बी वाळलं की मरतं. फळातून काढल्यावर काही दिवसांत, फार तर दोन-चार आठवड्यांत पेरलंच पाहिजे. ही फळं पावसाच्या तोंडावर पिकतात ते उगाच नाही. ऐन, हिरडा, बेहडा यांचं बी वाळून टिकतं.

आता बीजगोळ्यांचं बघा. मेमध्ये जांभळाच्या बियांचे गोळे करून उन्हात वाळवले, तर जूनमध्ये आपण मातीचे गोळेच फेकतो. आधी गुरं आणि वणवा न रोखता टाकलेल्या टिकाऊ बियांचंही फार काही होत नाही. बी टाकायचंच असेल तर पहिला पाऊस बसल्यावर, बीच्या जाडीच्या एक-दोन पट खोल, पालापाचोळ्याखाली, करवंदाच्या किंवा दगडाच्या आडोशाला टोबा. गोळ्याची गरज नाही.

कारवी झाडांना वाढू देत नाही. काढावी का?

नाही. दाट कारवीखाली उजेड पोचत नाही आणि झाडांची रोपं तग धरत नाहीत, हे खरं. पण कारवीच तीव्र उतारावरची माती धरून ठेवते. ती सात-आठ वर्षांनी एकदम फुलते, बी धरते आणि वाळून मरते. सुकलेली बोंडं पुढच्या पावसाचं पाणी लागलं की तडतड फुटून बी उडवतात. मोठा बहर होऊन गेला की एखाद-दोन वर्षं उताराला उजेड मिळतो. आधीपासून खाली तग धरून असलेली रोपं याच संधीत वर निघतात. म्हणून बहरानंतरच्या त्या दोन पावसाळ्यांत तिथे गुरं जाऊ देऊ नका आणि त्यानंतरच्या उन्हाळ्यात वणवा लागू देऊ नका: वाळलेली कारवी म्हणजे सरपणाचा ढीग. कुडाच्या भिंतींसाठी कारवी हवी असेल तर ती बहर झाल्यावर तोडलेली उत्तम.

वणव्याने जंगल खरंच मरतं की पुन्हा येतं?

दोन्ही. कुंभा, ऐन यांची साल जाड असते. मोठी झाडं एखाद्या गवती वणव्यातून निभावतात. जळतात ती रोपं. पण पानगळी जातींची रोपं जमिनीखालून मेलेली नसतात. दरवर्षी शेंडा जळतो, मूळ जाड होत जातं, पावसात पुन्हा फुटतं. बोटभर उंचीचं दिसणारं रोप कदाचित आठ-दहा वर्षांचं असतं. अशा जागी वणवा सलग तीन-चार वर्षं थांबवला की हीच रोपं भराभर उसळतात आणि लोक म्हणतात ‘झाडं कुठून आली?’ ती तिथेच होती.

सदाहरित जातींना ही सवय नाही. अंजनी-पिशाच्या राईत आग शिरली तर पिढीच जाते. दरवर्षी जळणारी राई हळूहळू कडेकडून ऐन-कुंभ्याची होत जाते, पुढे नुसतं गवत उरतं.

जाळरेषा काढायची तर डिसेंबर-जानेवारीत, गवत पिवळं पडायला लागलं की. ३ ते ५ मीटर रुंद पट्टा, उताराच्या खालच्या बाजूला अधिक रुंद, कारण आग चढावर धावते. गवत कापून पट्ट्यातच टाकलं तर रेषेचा उपयोग शून्य. ते आत किंवा बाहेर नेऊन टाका. जाळून साफ करायचं असेल तर वनखात्याच्या माणसांसह, पहाटे, वारा पडलेला असताना.

गुरं पूर्ण बंद करावी लागतात का?

पहिली काही वर्षं शेंडे गुरांच्या तोंडापर्यंत पोचतात तोवर. सगळी जमीन एकदम बंद केली तर गावात भांडण होतं आणि चराईबंदी मोडते. जमिनीचे तुकडे पाडून एक-तृतीयांश भाग बंद, बाकी खुला, आणि बंद भागातलं गवत कापून न्यायची मुभा, अशी वाटणी टिकते. रोपांचे शेंडे दीड-दोन मीटरच्या वर गेले की तो भाग खुला करून पुढचा बंद करा. शेळ्या वेगळं प्रकरण आहे. त्या शेंडा वाकवून खातात, त्यांना ही मर्यादा पुरत नाही.

तोडलेल्या बुंध्यांना फुटवे आलेत. ठेवावेत?

जांभूळ, अंजनी, ऐन हे बुंध्यातून चांगले फुटतात, आणि जुनं मूळ असल्यामुळे फुटवा बियाच्या रोपापेक्षा कितीतरी वेगाने वाढतो. पहिली दोन वर्षं हात लावू नका. मग जमिनीजवळून निघालेले, सरळ, जोमदार दोन-तीन ठेवून बाकीचे पावसाळ्यानंतर धारदार कोयत्याने बुंध्यालगत काढा. उंचावरून निघालेले फुटवे वाऱ्यात फाटतात, ते आधी काढा. राबासाठी (भाताच्या रोपांची जागा भाजायला) फांद्या छाटायच्याच असतील तर शेंडा राखा आणि तेच झाड पुढची दोन-तीन वर्षं सोडा. दरवर्षी मुंडण केलेला ऐन फळ धरत नाही.

मात्र सगळं जंगल फुटव्यांचंच असेल तर पुढचा धोका ओळखा: झाडं हिरवी दिसतात, पण बियाची नवी रोपं नसतील तर हे जुन्याच पिढीचं लांबलेलं आयुष्य आहे.

घाणेरी आणि रानमोडी कशी घालवायची?

घाणेरी वरवर छाटली तर दुप्पट फुटते. जमिनीखाली दोन-तीन इंचांवर, खोड आणि मूळ जुळतात त्याच्या खालून तोडा, झुडूप उलटं करून मुळं वर ठेवा. फळं धरण्याआधी करा. आत आधीच एखादं जांभूळ-हिरड्याचं रोप असतं, म्हणून कुदळ घालण्याआधी झुडपात वाकून बघा. एकदा काढून सोडलं तर ती परत येते. दोन-तीन वर्षं दर पावसाळ्यानंतर नवी रोपं उपटावी लागतात, विशेषतः पक्षी बसतात त्या झाडांखाली. रानमोडी उजेडाची भुकेली आहे. छत मिटलं की ती आपोआप मागे हटते. म्हणून आधी तिथल्या देशी पोरझाडांभोवती अर्धा ते एक मीटर गोल मोकळा करा, सगळं रान नाही.

ग्लिरिसिडिया, ऑस्ट्रेलियन बाभूळ लावून आधी सावली केली तर?

टाळा. उंदीरमारी, म्हणजे ग्लिरिसिडिया, बुंध्यापासून पुन्हा पुन्हा फुटते आणि एकदा जागा धरली की देशी रोपांना सहज शिरू देत नाही. आधी लावून झालेली असेल तर एकदम सगळी तोडू नका. खाली देशी रोपं दिसतील तिथून सुरुवात करून टप्प्याटप्प्याने विरळ करा.

सड्यावर झाडं नाहीत. तिथे लावायची का?

नाही, नाही आणि नाही. जांभ्याचा सडा म्हणजे उजाड झालेलं जंगल नव्हे. पावसात तिथे पाणी साचतं, उन्हाळ्यात दगड तापतो, माती बोटभर. तिथल्या वनस्पती याच जगण्याला घडलेल्या आहेत. २०१२ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत पश्चिम घाटाच्या ३९ जागांत कासचाही समावेश झाला, तो त्याच्या फुलांसाठी आणि सड्यासाठी. खड्डे खणून, माती भरून झाडं लावली की सावली पडते, पाण्याची वाट बदलते आणि दुसरीकडे कुठेच न उगवणाऱ्या वनस्पती जातात.

देवराईत रोपं दिसत नाहीत. देवराई तर राखलेली असते ना?

तोडीपासून राखलेली असते, पायांपासून नाही. देवळाचा जीर्णोद्धार होतो, भोवती काँक्रीटचं अंगण, फरशी, गाड्या लावायची जागा येते, आणि उत्सवाच्या आधी सगळा पालापाचोळा झाडून जाळला जातो. पाचोळा गेला की बीजाला ओल आणि आडोसा दोन्ही जातात. दगडी चौथऱ्याच्या बाहेरचा पाचोळा न झाडण्याचा ठराव ग्रामस्थांनी केला, तर तीन-चार पावसाळ्यांत फरक डोळ्यांना दिसतो. काठावरची रुंदीही बघा. अर्ध्या एकरच्या राईत चारी बाजूंनी ऊन-वारा आत येतो. कडेला करवंद, तोरण, उक्षी यांची दाट झालर वाढू दिली तर आतली ओल टिकते.

यासाठी कुणाची परवानगी लागते?

स्वतःच्या मालकीत रोपं राखायला नाही. झाडं तोडायला मात्र मालकीतही राज्याचे वृक्षतोडीचे नियम लागतात, आणि जमीन खाजगी वन म्हणून नोंदली असेल तर आधी वनखात्यात सातबारा दाखवून विचारा. अभयारण्य किंवा राष्ट्रीय उद्यानातून बी आणू नका. गावाला २००६ च्या वनहक्क कायद्याखाली सामूहिक वनहक्क मिळाला असेल, तर त्या जंगलाचं संरक्षण आणि पुनरुज्जीवन करण्याचा हक्क ग्रामसभेकडे असतो. चराईबंदी आणि जाळरेषेचे निर्णय ग्रामसभेच्या ठरावात लेखी घ्यावेत.

किती वर्षांत फरक दिसेल?

मूळ शिल्लक असलेल्या जागी पहिल्याच पावसाळ्यात फुटवे, तिसऱ्या-चौथ्या वर्षी माणसाच्या उंचीची पोरझाडं. छत मिटायला सहसा दहा-पंधरा वर्षं. सावलीत वाढणारी सुरंगी-कोकमासारखी झाडं आणि जाड वेल त्यानंतर. दरवर्षी त्याच चौकोनांत, त्याच महिन्यात (ऑक्टोबर बरा, रोपं दिसतात आणि वाट सुकलेली असते) मोजा. एप्रिलमध्ये त्याच १ × १ मीटरच्या कोपऱ्यांत पुन्हा जा आणि किती रोपं उन्हाळा काढताहेत ते लिहा. ऑक्टोबरचा आकडा मोठा आणि एप्रिलचा शून्य असेल, तर पुढच्या वर्षी खर्च रोपांवर नको, जाळरेषेवर आणि राखणदारावर करा.